अंगदचा उजवा बूट

मित्रांनो, मला खुंटीला टांगून ठेवलंय, पण स्वस्थ बसवत नाही. वाऱ्याने जरा हललो की वाटतं, निघालो मैदानावर! मी अंगदचा फुटबॉलचा बूट, उजव्या पायाचा. डावा शेजारीच लटकतो. तो आपला गपगुमान धूळ खातो.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात अंगदने आम्हाला घेतलं. मेंढपाळाचं पोरगं ते, मेंढरांमागे धावून धावून पाय तयार झालेले. तो चेंडू घेऊन सुटला की गोलरक्षकाच्या तोंडचं पाणी पळायचं. राज्याच्या संघाच्या निवडीसाठी त्याला बोलावणं आलं, तेव्हा मी फारच फुशारलो होतो.

मग हट्टा गावच्या सामन्यात माझे खिळे काळ्या रानाच्या भेगेत अडकले आणि अंगदचा गुडघा पिळवटला. त्याचे वडील सटवाजी मेंढरांचे मोडलेले पाय बांधण्यात पंचक्रोशीत नावाजलेले.

"दवाखाना काहून? किती मेंढरं उभी केलीत मी!" म्हणत त्यांनी बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. सूज उतरली. कामट्या सोडून ते म्हणाले, "पळ आता बिनघोर!"

अंगद मला घालून पळाला आणि गुडघा आतून निसटला. दवाखान्यात कळलं, हाड धडच होतं. फाटलं होतं ते हाडं बांधून ठेवणारं सांध्यातलं लिगामेंट, आणि तसंच पळाल्याने गुडघा कामातून गेला होता. चालता येईल, खेळता येणार नाही.

तेव्हापासून अंगद बापाशी बोलेना. दिवसभर अंगणात लंगडत येरझाऱ्या घालायचा. इकडे मीही तळमळायचो. एका सकाळी त्याने आम्हाला उकिरड्यावर भिरकावलं. सटवाजींनी उचललं, झटकलं आणि चक्क स्वतःच्या पायांत चढवलं. समोर चेंडू ठेवला.

"माझ्याच हातानं गेला तुझा खेळ, लेकरा," ते म्हणाले. "शिव्या दे, पन बोल."

अंगद तोंड फिरवून उभा. सटवाजींनी लाथ हाणली. चेंडू जागेवरच राहिला आणि मी उडून मेंढरांत जाऊन पडलो!

"बा, नाडी तर बांध आधी!" अंगद ओरडला.

मला उचलून तो बापापाशी आला. दुखरा पाय बाजूला पसरून खाली बसला आणि बापाच्या पायात मला घालून नाडी बांधू लागला. सटवाजी एखाद्या लहान लेकरासारखे रडले.

मित्रांनो, दुखऱ्या पायाला पळायला लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा. आणि आपल्या माणसाच्या हातून चूक झाली, तर त्याच्याशी अबोला धरू नका. मी काही सुधारलेलो नाही. शिट्टी ऐकली की अजून खुंटीवर धडपडतो. पण खाली बापलेक बोलत असतात, आणि तेवढ्यापुरता मी गप्प राहतो.