काचेच्या पेटीतली एकादशी

मी एक जुना दगडी रगडा आहे. मित्रांनो, चेन्नईतल्या या वेलचेरीच्या कचेरीत तुम्ही मला काचेतून पाहता, खालची पाटी वाचता आणि पुढे जाता. आज जरा थांबा.

तंजावरकडच्या पाथरवटाने मला घडवले. सरोजाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर मैलापुरात आलो. त्या कीर्तनातली पदे गुणगुणत इडलीचे पीठ वाटत आणि माझा बत्ता त्याच तालावर फिरे. एकादशीला मात्र मला धुऊन हळदकुंकू लावत, विसावा देत आणि स्वतः कीर्तनाला जात. किती गोड दिवस होते ते!

पुढे शेजारणी पीठ मागू लागल्या, मग दुकाने. दोन हजार सहा साली इथे कारखाना निघाला. मोठी यंत्रे आली, चाळीस बायका कामाला लागल्या. पण खप वाढला तशी चणचणही वाढली. दुकाने दोन महिन्यांनी पैसे देत आणि तांदूळवाल्याला ते आजच हवे असत.

तेव्हा नव्या धंद्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका कंपनीचा शार्दूल आला. मूळचा पुण्याचा.

"मावशी, भांडवल आमचं, थोडा हिस्सा आमचा. आणि हा रगडा म्हणजे आपली ओळख! पाकिटावर याचंच चित्र."

मी फुशारलो. सह्या झाल्या आणि मी पेटीत बंद झालो.

पहिली एकादशी आली. सरोजाबाई म्हणाल्या, "आज यंत्रं बंद."

शार्दूलने करार काढला. "यात रोज पुरवठा लिहिलाय, मावशी. सुट्टीचा शब्द नाही."

"अय्यो! एकादशी कुणी लिहून घेतं का रे? ती असतेच की!"

"पुरवठा चुकला तर भांडवलाचा दुसरा हप्ता अडेल. मी साहेबांना काय सांगू?"

त्याच हप्त्यातून पगार व्हायचे होते. पिशव्या भरणारी अंबुजा दारातून हळूच म्हणाली, "अक्का, पोरीची फी भरायचीय."

सरोजाबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि स्वतःच्या हाताने यंत्रे सुरू करण्याचे बटण दाबले.

मग उपाशीपोटी त्या माझ्यापाशी आल्या. काचेवर तळवा टेकून त्यांनी पद म्हणायला घेतले. यंत्रांच्या घरघरीत त्यांचा त्यांनाच सूर सापडेना. "तुला तरी ऐकू येतं का रे?" त्यांनी विचारले. मला येत होते. पण सांगू कसे?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना कोंडून घालू नका. आणि ज्यांच्या हातचे खाता, त्यांचा कागदावर नसलेला नेमही सांभाळा. पुढच्या एकादशीला इथे आलात, तर शार्दूलला एवढेच सांगा, की एक दिवस दुकानात पीठ मिळाले नाही तरी तुम्ही रागावणार नाही.