एडवर्डचं नाव प्रार्थनेत

सत्त्याण्णव साली नंदाखालमध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि उर्सुलाच्या डोक्याला ताप झाला. रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लोकांच्या वतीने करायच्या प्रार्थना लिहून वाचायचं काम तिचं. उमेदवार तिचा सख्खा धाकटा भाऊ एडवर्ड, समोर जयवंत.

"बाय, प्रार्थनेत माझं नाव घाल," एडवर्ड म्हणाला. "तू नाव घेतलंस की अख्खं चर्च म्हणेल, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' मग प्रचार कशाला?"

लबाड मेला! पण खोटं बोलत नव्हता. आपली माणसं त्या वाक्याला इतकी सरावलेली, की कुणी केळ्यांचा भाव वाचला तरी तेच म्हणतील.

"आणि पोपच सांगतात ना, राजकारणात उतरा म्हणून?"

"कुठे सांगतात?"

ते एडवर्डला ठाऊक नव्हतं. पण उर्सुला जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई. एकदा शंका आली की तिला घास गोड लागायचा नाही. फादरांकडून तिने पोपनी जगभरच्या चर्चला लिहिलेल्या पत्राचं मराठी भाषांतर आणलं आणि पेन्सिल घेऊन बसली. रोमच्या माणसाला आमच्या पंचायतीचं काय पडलंय, बघू तरी!

अगबाई, बरंच पडलं होतं. लोकांनी आपले राज्यकर्ते निवडावेत, नकोसे झाले तर शांतपणे बदलावेत, हे चर्चला मोलाचं वाटतं. सरकारने कुणाच्या श्रद्धेवर जबरदस्ती करू नये. प्रापंचिकांनी, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या माणसांनी, राजकारणातून अंग काढू नये. म्हणजे एडवर्ड बरोबर! पण पुढच्याच पानावर होतं, की राज्य कसं चालवायचं ते लोकांनी ठरवावं, चर्चने त्यात आपली पसंती सांगू नये. म्हणजे चर्चमध्ये एकट्या एडवर्डचं नाव घेता येणार नव्हतं! उर्सुलाने तिथे दोनदा रेघ मारली. आईवडिलांमागे हा एकच भाऊ उरलेला. तो तुटला तर? तिला रडूच आलं.

रविवारी तिने वाचलं, "एडवर्ड, जयवंत आणि मत देणारे आपण सगळे, आपल्याला विवेकबुद्धी लाभावी म्हणून प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," चर्च म्हणालं. एडवर्डचं तोंड मात्र मिटलेलंच.

आठवडाभर तो फिरकला नाही. मग एका सकाळी दारात उभा, हातात पत्रक, परक्या घरी जावं तसे हात जोडलेले.

"उर्सुलाबाय, मत द्या."

तिला हसू आलं आणि भरूनही आलं. आजवर त्याने तिचं मत कधी मागितलंच नव्हतं, धरूनच चालला होता. तिने त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"टँकरवाले आपल्या गावच्या विहिरी उपसून नव्या इमारतींना पाणी विकतात. त्याचं काय करणार?"

एडवर्ड चुळबुळला. पहिला टँकर त्याच्याच विहिरीवर भरायचा.

"बंद करीन."

"कधी?"

"निवडून आल्यावर."

"मग मतही तेव्हाच देते," उर्सुला म्हणाली.