पंचेचाळीसचा नियम

मैदानाच्या कडेला गावजेवणाच्या भट्टीवर गिल्बर्ट ओर्नेलासने लांब सुरी मांसात खुपसली, बाहेर काढली आणि मान हलवली.

"अजून तासभर, कोच. आत चिवट आहे."

"पहाटेपासून भट्टी पेटवून बसलायस ना?" रॉइस हलूब म्हणाला.

"मांसाला घड्याळ कळत नाही. सामना लांबवा जरा."

मध्यंतर झालं होतं. फलकावर पाहुणे छप्पन्न, सॉल्ट क्रीक चौदा असे आकडे होते. रॉइसने फलकाकडे पाहिलं, मग भट्टीच्या धुराकडे. "बघतो," तो म्हणाला.

पश्चिम टेक्सासच्या या भागात गावं इतकी लहान की फुटबॉलसाठी अकरा मुलं जमत नाहीत. म्हणून इथे सहा-सहा जणांचा फुटबॉल चालतो आणि त्याला एक जास्तीचा नियम आहे. मध्यंतरानंतर एका संघाची आघाडी पंचेचाळीसवर गेली की पंच शिट्टी वाजवून सामना तिथेच थांबवतात. हरणाऱ्याची दया म्हणून. पाहुण्यांची आघाडी आत्ताच बेचाळीसची होती.

एरवी रॉइसने हे मनाला लावून घेतलं नसतं. तीस वर्षांत त्याचा संघ या नियमाने अनेकदा घरी गेला होता. पण पुढच्या वर्षी सॉल्ट क्रीकची शाळा नव्हती. मुलं बसने तालुक्याच्या मोठ्या शाळेत जाणार होती. त्या शाळेने रॉइसला इतिहास शिकवायला घेतलं होतं. कोच त्यांच्याकडे पुरेसे होते. म्हणजे हा गावाचा शेवटचा सामना आणि त्याचाही. तो कुणी दया येऊन अर्ध्यावर थांबवू नये, एवढंच त्याला हवं होतं.

पाहुण्यांचा कोच तिशीतला, चांगल्या घरचा वाटावा असा तरुण होता. तो टोपी काढून जवळ आला.

"सर, एक सुचवू का? दोघांची संमती असेल तर इथेच थांबवता येईल. तुमच्या मुलांनाही त्रास नको."

"आभारी आहे," रॉइस म्हणाला. "पण आमचं जेवण शिजायचंय."

रॉइस मूळचा रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन लांबून आलेला चेंडू झेलणारा. विद्यापीठात त्याचं नाव होतं. पुढे दोन हंगाम तो ह्यूस्टनला पैसे घेऊन खेळला, अकरा चेंडू झेलले आणि गुडघा मोडून घेतला. त्या दिवसांची खूण म्हणून उजव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली राहिली. तो मैदानात दिशा दाखवायचा तेव्हा मुलं विचारायची, "कोच, तुम्ही दाखवताय तिकडे पळू, की करंगळी दाखवतेय तिकडे?"

तो सॉल्ट क्रीकला आला तो इतिहास शिकवायला, बस चालवायला, मैदानाचं गवत कापायला आणि कोच व्हायला. हे सगळं एकच पद होतं. मोठ्या शाळा त्याला मिळाल्या असत्या. पण अकरांच्या खेळात निम्म्या मुलांना चेंडू झेलायची परवानगीच नसते, सहांच्या खेळात सहाही जण झेलू शकतात. त्याला ते आवडलं. चेंडूची जागा हवेत, हा त्याचा धर्म. नेल्डा, त्याची बायको, लोकांना सांगायची, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या माणसाने गाडीची किल्ली एकदाही माझ्या हातात दिलेली नाही. फेकतो."

त्या रॉइसने मुलांना गोलात बसवलं आणि सांगितलं, "आता एकही चेंडू फेकायचा नाही."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. फेकलेला चेंडू खाली पडला की घड्याळ थांबतं, हे त्यांना ठाऊक होतं. चेंडू पोटाशी धरून पळालं आणि मैदानातच आडवं झालं की घड्याळ चालू राहतं. तोवर चेंडू समोरच्यांना मिळत नाही.

"रविवारी पाद्रीबाबा 'आता शेवटची गोष्ट' म्हणतात आणि पुढे बोलतच राहतात ना? तसं खेळायचं," रॉइस म्हणाला. "पडायचं. सावकाश उठायचं. बुटाची नाडी बघायची. मातेओ, चेंडू तुझ्याकडे."

मातेओ पळाला, पडला, सावकाश उठला. पुन्हा पळाला. नेल्डा फलकाच्या खोलीत बसून ध्वनिक्षेपकावर सांगत होती. "मातेओ. दोन यार्ड." मग, "मातेओ. तीन यार्ड." मग, "पुन्हा मातेओ. दोन यार्ड. कोणी जागं आहे का?"

कुंपणाला ट्रक लावून टपावर बसलेला म्हातारा ओटिस ओरडला, "अरे रॉइस, फेक की! कापूस वेचायला आलायत का?"

"तीस वर्षं फेकू नको म्हणून ओरडलास, ओटिस!"

"तेव्हा तू ऐकलं नाहीस, आता तरी ऐक!"

सामन्याच्या चार टप्प्यांपैकी तिसरा जवळजवळ सगळा असा गेला आणि शेवटी मातेओ चार जणांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला. टचडाउन. त्याचे सहा, आणि वरची गोलाची लाथही बसली, तिचे दोन. आठ गुण. मैदानाभोवतीच्या ट्रकांवर लोक उभे राहिले. चौथ्या टप्प्यात पाहुण्यांच्या एका पोराने पहिल्याच खेपेला चेंडू घेऊन सबंध मैदान ओलांडलं. त्यांचेही आठ. पुन्हा बेचाळीस.

तेवढ्यात भट्टीकडून गिल्बर्ट सुरी उंच धरून ओरडला, "कोच! मांस झालं! आता हरलात तरी चालेल!"

लोक हसले. रॉइसही हसला. पण त्याने मातेओला पुन्हा तीच खूण केली. आता जेवणाचं निमित्त उरलं नव्हतं. चार प्रयत्नांत ठरलेलं अंतर कापलं नाही तर चेंडू समोरच्यांना जातो; मातेओ पळत राहिला, पडत राहिला, आणि दोनदा चौथ्या प्रयत्नाला कसाबसा तेवढा पुढे सरकला. घड्याळात काही सेकंद उरले. आता एकदा चेंडू घेऊन गुडघा टेकला की संपलं.

आणि वायली क्रोनरने हात वर करून पंचांकडे वेळ मागून घेतली. घड्याळ थांबलं.

वायली मधल्या जागेवरचा, संघातला सगळ्यांत जाड मुलगा. खेळ सुरू करताना चेंडू पायांतून मागे देणं हे त्याचं काम.

"वायली," रॉइस शांतपणे म्हणाला, "आपण घड्याळ पळवत होतो ना?"

"हो, कोच."

"मग?"

"दोन वर्षं मी सगळ्यांना चेंडू देतोय, कोच. मला कुणी दिलेला नाही."

मातेओने कपाळावर हात मारला. "तू झेलत नाहीस म्हणून!"

"बुधवारी सरावात एक झेलला."

"तो तुझ्या हेल्मेटमध्ये अडकला होता!"

रॉइसने मनात हिशेब केला. चेंडू वायलीच्या अंगावरून उडून पाहुण्यांच्या हातात गेला आणि ते पळत सुटले, तर सहा गुण. आघाडी अठ्ठेचाळीस. पंच शिट्टी वाजवतील, दयेने थांबवलेला सामना म्हणून नोंद होईल, आणि सबंध उत्तरार्धाची कमाई जाईल. गुडघा टेकला तर काहीच बिघडणार नव्हतं. त्याने वायलीकडे बघितलं. मुलगा थंडीतही घामाने निथळत होता.

"हात पुढे करू नकोस," रॉइस म्हणाला. "येईल तो पोटात घे आणि पड. पळू नकोस."

"पळणार नव्हतोच, कोच."

वायलीने चेंडू मागे दिला आणि वळला. मातेओने लहान बाळ द्यावं तसा तो अलगद फेकला. चेंडू वायलीच्या छातीवर आपटून वर उडाला. पाहुण्यांचा उंच पोरगा झेपावला, त्याचा हात चेंडूला लागला. वायलीने दोन्ही हातांनी मिठी मारली ती चेंडूसकट त्या पोराच्या हाताला, आणि होता नव्हता तेवढा सगळा खाली बसला. पंच वाकून बघत राहिले. मग त्यांनी खूण केली. झेल.

घड्याळ शून्यावर आलं.

"वायली क्रोनर," नेल्डाने जाहीर केलं. "पहिला झेल. उणे दोन यार्ड."

मैदानात लोक उतरले. पाहुण्यांचा कोच हात मिळवायला आला आणि वाकड्या करंगळीशी क्षणभर गोंधळला. "छान सामना झाला, सर."

"उत्तरार्ध बरोबरीत सुटला," रॉइस म्हणाला. "आठ-आठ."

वायलीच्या आईने मुलाला फलकाखाली उभं केलं आणि फोन वर धरला. शेजारची बाई म्हणाली, "जरा डावीकडे सरकव त्याला, म्हणजे त्यांचे चौसष्ट झाकले जातील."

"कशाला?" आई म्हणाली. "सगळं येऊ दे."

मग मातेओची माणसं आली, मग ओटिस आपल्या तीन मुलांना घेऊन आला, तिघंही कधीकाळी रॉइसकडे खेळलेले. फलकाखाली फोटोसाठी रांग लागली.

नेल्डाने खोलीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रॉइस, बोर्ड बंद करू का?"

"राहू दे," तो म्हणाला. "अजून बरेच जण आहेत."

त्याने टोपी नीट केली आणि रांगेत जाऊन उभा राहिला.