मी, दहा हजार एक

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे आणि मनात डूख धरून बसणारी आहे. दहा हजारांवर शुभाचा एक चढवला की मी होते, १०००१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, मी तीच. माझ्याहून लहान असे माझे विभाजक तीनच: १, ७३ आणि १३७. त्यांची बेरीज जेमतेम २११ भरते, म्हणून गणिती मला न्यून संख्या म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांनी निदान मला पूर्ण भागून पाहिलं. हितेंद्रने तेवढंही केलं नाही.

यंदा पाडव्याला चिंचपोकळीच्या चाळकऱ्यांनी मैदानात दहा हजार एक पणत्या लावायचं ठरवलं. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात, तसाच हा वरचा एक. पणत्या मुलांनी रंगवल्या होत्या. सगळ्यात शेवटी आली दुसरीतल्या ओवीची. जरा वाकडी, वर मोर काढलेला, पण तो कोंबडीसारखा दिसत होता.

मांडणी इंजिनीअर हितेंद्रकडे होती. ऐट अशी, की मोबाइल नंबरही निवडून घेतलेला. शेवटी ५७२९ ५७२९, हे तो येताजाता ऐकवायचा. ड्रोनने फोटो काढायचा म्हणून ओळी सारख्या हव्या होत्या. त्याने मला एकाहत्तरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, कंटाळला आणि माइकवर म्हणाला, "मूळ संख्या आहे, फुटतच नाय. शंभर बाय शंभर करू, टेन्शन खल्लास. एक एक्स्ट्रा होते, ती वाकडी काढा."

ओवी पणती घेऊन रडत जिन्यात जाऊन बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच पायरीवर, त्र्याहत्तरवर, मी उभी होते आणि हा अलीकडूनच वळला! मी त्याला सगळ्या पणत्या मांडू दिल्या.

दुपारी वासंतीबाई आल्या. हितेंद्रला शाळेत गणित त्यांनीच शिकवलेलं. ओवीचं रडं ऐकून त्यांनी विचारलं, "हितू, कुठपर्यंत भागलंस रे?"

"एकाहत्तर, बाई."

"शंभरापर्यंत जायचं असतं. पुढची घे."

त्याने त्र्याहत्तरने भागलं. १३७, बाकी शून्य. त्याचं उतरलेलं तोंड मी डोळे भरून पाहिलं.

"आता त्र्याहत्तर ओळी कर," बाई म्हणाल्या. "आणि मुलांना राबवू नकोस."

भर उन्हात त्याने सत्तावीस ओळी उचलल्या आणि एकेक पणती उरलेल्या ओळींना जोडत गेला. कंबर मोडली त्याची. मला फार बरं वाटलं. शेवटच्या ओळीत एक जागा रिकामी राहिली. तो जिन्यापाशी गेला.

"ओवी, तुझी पणती दे ना."

"वाकडी आहे."

"सॉरी गं. तिच्याशिवाय ओळ भरत नाय."

ओवीने त्याला चांगलं ताटकळवलं, मग स्वतः जाऊन पणती ठेवली. संध्याकाळी ती पेटली तेव्हा तिचा मोर सगळ्या चाळीने पाहिला.

मित्रांनो, कुणाला जास्तीचं ठरवून ओळीबाहेर काढण्याआधी शेवटपर्यंत भागून बघा. ओवीने हितेंद्रला माफ केलं. मी नाही. कुठलेही चार आकडे दोनदा लिहा, त्या संख्येला माझ्याने निःशेष भाग जातो. त्याच्या त्या ५७२९५७२९ लाही जातो. हे त्याला कळल्यापासून नंबर विचारला की तो पहिले दोनच आकडे सांगतो आणि विषय बदलतो.