पुठ्ठ्यावरचा फिकट डाग

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. अंगाने लाल, उंचीने बुटकी आणि दोनच माणसांना पोटात घेणारी. मित्रांनो, माझ्या आवाजाला भुलून पुष्कळ जण मला धीट समजतात. खरं सांगायचं तर मी पहिल्यापासून भित्री आहे. कारखान्यात माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा माझ्याच आवाजाने मी दचकले होते.

माझ्या नाकावर बाणाचं चिन्ह आहे. आमच्या कंपनीच्या सगळ्या गाड्यांवर ते असतं, म्हणून आमच्या मालकांना लोक ‘बाणवाले’ म्हणतात. माझे मालक दातांचे डॉक्टर, आणि हाडाचे बाणवाले. त्यांची पहिली गाडी बाणाची, दुसरी बाणाची आणि तिसरी मी. मला घरी आणलं तेव्हा त्यांची लेक आईच्या कडेवर होती. तिने माझ्या आरशाला चिकट हात लावला आणि डॉक्टरांनी खिशातला स्वच्छ रुमाल काढून आरसा लगेच पुसला. लेकीचं नाक मात्र तसंच वाहत राहिलं, हे तिची आई अजून ऐकवते.

बाणवाल्यांची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. आमच्या इंजिनातून थोडं तेल गळतं. अगदी नव्या गाडीतूनही गळतं. दुसऱ्या कुणाला याची लाज वाटली असती, आमचे लोक ते मिरवतात. रस्त्यात भेटले की एकमेकांना विचारतात, “काय, गळतेय ना?” गळत नसेल तर आत तेलच उरलं नसेल, ही त्यांची जुनी थट्टा. डॉक्टर संध्याकाळी मला गॅरेजमध्ये उभी करत आणि खाली एक लांबरुंद पुठ्ठा सरकवत. सकाळी तो ओढून काळा डाग बघत आणि खुशीत दवाखान्यात जात.

ती वर्षं माझ्या सुखाची होती. रविवारी आम्ही घाट चढायचो. समोरून बाणाची गाडी आली की दोन्हीकडून दिवे लुकलुकायचे. लोक थांबून माझं कौतुक करायचे. माझी तब्येत सांभाळायला एक म्हातारे मिस्त्री होते. माझ्या रंगाकडे ते ढुंकूनही बघत नसत. आले की तडक जमिनीवर आडवे होत आणि माझ्या पोटाखाली बॅटरी मारत. त्यांच्या गार बोटांनी मला गुदगुल्या व्हायच्या.

मग मिस्त्री थकले आणि मुलाकडे राहायला गेले. डॉक्टरांनी त्यांच्या जागी दुसरं कुणी शोधलंच नाही. परक्या माणसाचा हात गाडीला लागू देणार नाही, असं ते अभिमानाने सांगत. दोन वर्षं गेली. दर रविवारी ते मला चकचकीत पॉलिश करत, पण माझ्या पोटाखाली कुणी वाकलं नाही. तिथे मागच्या डाव्या चाकाजवळ ब्रेकची एक बारीक नळी आहे. तिच्यावर चिखल बसला, चिखलाखाली गंज धरला. ते मला समजत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

याच सुमारास घरात नव्या गाडीचा विषय निघाला. लेक आता शिकून नोकरीला लागली होती आणि तिचं ऑफिस घाटाच्या पलीकडे होतं. तिला गाडी हवी होती, आणि ती चौकटवाल्यांची. म्हणजे चौकटीचं चिन्ह असलेली, आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीची. डॉक्टर आठवडाभर नीट जेवले नाहीत. आयुष्यभर ज्या गाड्यांना नावं ठेवली, त्यांतली एक दारात कशी आणायची?

शेवटी चौकटवाल्यांनी एक गाडी दिवसभरासाठी चालवून बघायला पाठवली. ती राखाडी होती आणि इतकी शांत, की गॅरेजसमोर येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही. डॉक्टर तोंड वाकडं करून तिच्यात बसले. तासाने परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू होतं. घरात शिरण्याआधी त्यांनी ते पुसून टाकलं, पण मी पाहिलं होतं. भीतीने माझा पत्रा गार पडला. आता मला विकणार. कुणी मला सुटी करून एकाला दार, दुसऱ्याला चाक देणार. मी मनातल्या मनात विनवत राहिले, डॉक्टर, मला टाकू नका.

माझी विनवणी फळली, असं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गॅरेजमध्ये आले आणि माझ्या टपावर हात ठेवून लेकीला म्हणाले, “इतक्या वर्षांची साथ अशी सोडवत नाही गं. उद्यापासून हीच घेऊन जात जा.”

मी आनंदले. तो आनंद क्षणभर टिकला असेल. लगेच मला माझी नळी आठवली. उद्या घाट उतरताना ही पोर, जिचा चिकट हात माझ्या आरशाला लागला होता, ती ब्रेकवर पाय देणार होती. विकली जाण्याची भीती मला ठाऊक होती. ही भीती वेगळी होती. आता मी उलटी विनवणी करू लागले. टाका मला. कुणालाही देऊन टाका, पण तिला माझ्यात बसवू नका.

माझ्यात धोक्याचा तांबडा दिवा होता, पण त्याचा बल्ब कधीच गेला होता. माझ्याजवळ बोलायला उरला होता तो फक्त पुठ्ठा.

सकाळी लेक किल्ली घेऊन आली. डॉक्टरांनी सवयीने पुठ्ठा ओढला. पुढे नेहमीचा काळा डाग होता. मागे, डाव्या कोपऱ्यात, आणखी एक डाग होता. डॉक्टर हसले. “बघ, मागूनही गळायला लागली. अस्सल बाणाची आहे.”

लेक दार उघडून आत बसली. तिने किल्ली लावली. माझं इंजिन सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण बंद पडावं.

तेवढ्यात तिने मान बाहेर काढली. “बाबा, इंजिन पुढे आहे ना? मग तेल मागे कसं?”

डॉक्टर खाली बसले. हा डाग काळा नव्हता, फिकट पिवळसर होता. पुठ्ठा जिथे संपत होता, तिथे त्यांनी हौसेने रंगवलेल्या फरशीचा रंग फुगून उकलला होता. इंजिनचं तेल रंग खात नाही. ब्रेकचं तेल खातं. हे डॉक्टरांना माहीत होतं.

“ब्रेक दाब,” ते म्हणाले. “दाबून ठेव.”

तिने दाबला. पाय हळूहळू खाली जात राहिला आणि तळाला टेकला.

डॉक्टरांनी किल्ली काढून घेतली. मग ते त्या उकललेल्या रंगावरच बसून राहिले. दवाखान्यात ते रोज लोकांना बजावतात, दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, “मी फक्त पुसत बसलो गं.”

चौकटवाल्यांच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक आला. परका माणूस. तो थेट आडवा झाला आणि त्याच्या गार बोटांनी मला मिस्त्रींची आठवण करून दिली. नळी बदलली, बल्बही बदलला.

आता राखाडी गाडी घरात आली आहे. डॉक्टर तिच्याही खाली पुठ्ठा सरकवतात. सकाळी तो कोरडा निघतो, तरी गुडघे टेकून, बॅटरी मारून बघतात आणि मगच लेकीला किल्ली देतात.

मी कोपऱ्यात उभी आहे. रविवारी मला बघायला कुणीतरी येणार आहे. तो मला चालवणार की सुटी करणार, ठाऊक नाही. मला भीती वाटते, मित्रांनो, फार वाटते. येणारा माणूस तुमच्यापैकी कुणी असेल, तर एक करा. माझा रंग छान आहे, हे मला माहीत आहे. ते नंतर सांगा. आधी खाली वाका.