दलदलीतून आलेलं उत्तर

दलदलीतल्या बोरूच्या उंच गवतात राहणारा वटवट्या पक्षी चार वर्षांत कुणाला दिसला नव्हता. त्याला शोधायला पक्ष्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेने तिला तीन महिन्यांचं प्रशिक्षण, वर्षाची शिष्यवृत्ती आणि एक स्पीकर दिला. पक्षी सापडला तर दलदल वाचणार, नाहीतर वर्ष संपताच तिथे भराव पडणार. आई मात्र कपाळाला हात लावायची, "एवढी शिकलीस, ती चिखल तुडवायला?"

काम तसं साधं होतं. सकाळी बोरूच्या कडेला बसायचं, संस्थेकडचं वटवट्याच्या गाण्याचं जुनं ध्वनिमुद्रण स्पीकरवर वाजवायचं आणि कान टवकारून थांबायचं. अकरा महिने दलदलीने ब्र काढला नाही. मग एका धुक्याच्या सकाळी उत्तर आलं, तिने ते मोबाइलवर टिपलं, आणि पोरीचा आनंद गगनात मावेना.

खोलीवर येऊन तिने ते हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. गाण्याच्या शेवटी कुणीतरी खोकलं होतं. माणसाचा खोकला, कोरडा, दोनदा. जुन्या ध्वनिमुद्रणातही तोच होता. ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या संस्थेतल्या सरांना खोकल्याने कधी सोडलं नाही, आणि आता त्यांना जाऊनही तीन वर्षं झाली होती. तो तुकडा कापून टाकायचं शहाण्यासुरत्या संस्थेत कुणाला सुचलं नव्हतं.

तिने प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, इथे दुसरं कुणी स्पीकर लावतंय का?"

"कुणी नाही गं. तुझ्याआधी दोघी होत्या, त्याही हेच वाजवायच्या. का?"

"सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी ती स्पीकर न घेताच गेली. धुक्यात, अगदी हातभर अंतरावर, कुणीतरी खोकलं. बोरू हलला. चिमणीहून लहान, कोवळा नर बाहेर आला, गळा फुगवून गायला, खोकला आणि मान तिरकी करून थांबला. त्याला गाणं शिकवायला बाप उरला नव्हता. स्पीकरमधून कानावर जे पडलं, ते तो शिकला होता.

तिला रडूच फुटलं. तिने कसेबसे फोटो काढून मॅडमना पाठवले. लगेच फोन आला.

"अगं, जिंकलीस! दलदल वाचली! आता स्पीकर कपाटात टाक. पक्षी सापडला की वाजवणं बंद. त्यांना त्रास होतो, शिकवलंय ना?"

"पण मॅडम, त्याला दुसरं कुणीच नाहीये."

"नियम आहे, बाळा."

"हो मॅडम."

तो पुन्हा गायला, खोकला आणि वाट बघू लागला. उत्तराचा खोकला तोंडून निसटू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.