ढब्बूची खोड

मावशींचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. स्वच्छतेच्या बाबतीत त्या इतक्या काटेकोर, की इस्त्री केलेल्या कॉलरला गिऱ्हाइकाने नुसतं बोट लावलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. अशा बाईच्या गळ्यात कुत्रा पडला. थोरला भाऊ जिन्यावरून घसरून पाय मोडून बसला, आणि त्याने आपला ढब्बू बहिणीकडे धाडून दिला.

दुसऱ्याच सकाळी परसात जे दिसलं, ते पाहून मावशींनी हातातला चहा मोरीत ओतला. ढब्बू स्वतःचीच घाण खात होता. तीही चवीने नव्हे, चोरासारखी, घाईघाईने. झाडू उगारून मावशी ओरडत धावल्या, तसं त्याने उरलेलं एका घासात गिळलं.

"ओरडलात की तो आणखी भरभर गिळणार," जनावरांची डॉक्टरीण त्याला तपासून म्हणाली. पोटात जंत नव्हते, तब्येत ठणठणीत होती. "घरात घाण केली म्हणून याला कुणी मारायचं का हो? मार चुकवायला काही कुत्री सगळं खाऊनच टाकतात."

मावशींनी तिथूनच दादाला फोन लावला.

"मारतोय कशाला? नाक घासायचो त्यात," दादा म्हणाला. "मग काय, मुका घेऊ त्याचा?"

मावशींना पुन्हा किळस आली. या वेळी कुत्र्याची नाही.

डॉक्टरणीने सांगितलेला उपाय सोपा होता, पण ओंगळ. ढब्बूला दोरी लावून परसात न्यायचं. त्याचं उरकलं रे उरकलं की लाडाने हाक मारायची, आला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा, आणि मागचं लगेच उचलून टाकायचं. मावशींनी कलेजीला पातेलं वेगळं ठेवलं, सुरी वेगळी ठेवली, तरी बोटांचा वास काही जाईना.

"ये रे राजा," त्या दातओठ खात म्हणायच्या.

"अहो, जरा गोड बोला," शेजारीण कुंपणापलीकडून हसायची.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी दोरी जरा सैल सुटली आणि त्याने डाव साधला. पण मावशी ओरडल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हाकेआधीच तो वळला, धावत आला आणि त्यांच्या मुठीकडे बघत शेपूट हलवू लागला.

पुढच्या महिन्यात दादा काठी टेकत कुत्रा न्यायला आला. त्याला पाहताच ढब्बू जमिनीला चिकटला आणि फरशीवरच त्याला लघवी झाली. दादाने त्याची मान पकडून तोंड खाली दाबलं.

मावशींनी दादाचं मनगट धरलं. "सोड आधी."

"कुत्रा माझा आहे!"

"आहे ना? मग हा तुकडा हातावर घे आणि बोलाव त्याला."

दादाने कलेजीकडे पाहून नाक मुरडलं. "शी! असलं मी हातात धरू?"

"आणि त्याचं नाक घासताना किळस नाही रे आली?"

दादा काठी सावरत एकटाच निघून गेला. मावशी फडकं घेऊन, श्वास रोखून फरशी पुसायला बसल्या.